भावना डिझाइनमध्ये नेमकी कुठे असते? रुग्णालयातील एका यंत्रावरून पडलेला प्रश्न

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

सप्रेम नमस्कार. मी गेली सहा वर्षे स्क्रीनच्या मांडणीचे, म्हणजे इंटरफेस डिझाइनचे काम करते. एका अर्जासाठी मला 'माझी डिझाइनविषयीची भूमिका' दोन परिच्छेदांत लिहून द्यायची आहे. 'मी माणसाला केंद्रस्थानी ठेवते' हे वाक्य लिहून झाले आहे, पण ते कोणीही लिहील असे वाटते आणि एका प्रसंगानंतर तर ते लिहिण्याचा मला अधिकार आहे का, अशीही शंका येते.

गेल्या पावसाळ्यात मी येथील एका खासगी रुग्णालयाच्या नावनोंदणी यंत्रासाठी कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतील स्क्रीन तयार केली. चाचणीत बहुतेकांची नोंदणी बिनचूक झाली. नंतर एका सकाळी मी तेथे बसले असताना खानापूर तालुक्यातील एक आजी यंत्रापुढे उभ्या राहिल्या. त्यांनी 'मराठी' निवडले, ओठ हलवीत पहिली ओळ वाचायला घेतली आणि तेवढ्यात स्क्रीन आपोआप पहिल्या पानावर परत गेली. मागे रांग होती. पदर सावरत त्या मागच्या मुलाला म्हणाल्या, "तूच कर बाबा, मी अडाणी हाय," आणि बाजूला झाल्या. त्या वाचत होत्या हे मी डोळ्यांनी पाहिले होते. मुलाने नोंदणी पूर्ण केली, त्यामुळे माझ्या आकडेवारीत ती 'यशस्वी नोंदणी' म्हणूनच मोजली गेली.

मी आजवर भावना शोधली ती रंगांत, गोलसर कोपऱ्यांत, हसऱ्या चित्रांत. ती डिझाइनमध्ये नेमकी कुठे असते आणि तुम्ही ती कशी तपासता, हे जाणत्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (पुणे, मूळचा शहापूर-बेळगावचा, डिझाइन शिकवतो)

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या आजींच्या वाक्यातच आहे. डिझाइनचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी फार पूर्वी दाखवून दिले होते की वस्तू नीट वापरता आली नाही, तर माणूस वस्तूला नव्हे, स्वतःला दोष देतो. पुढे 2004 मध्ये त्यांनी भावनेचे तीन थर मांडले: पाहताक्षणी उमटणारी, वापरताना जाणवणारी आणि नंतर त्या अनुभवाचा विचार करताना मनात राहणारी. आपण आपले सारे कष्ट पहिल्या थरावर घेतलेत. त्या आजी मात्र तिसरा थर घरी घेऊन गेल्या, आणि तो होता 'मी अडाणी' हा.

मी शिकवताना चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर दांपत्याच्या 1958 च्या अहवालापासून सुरुवात करतो. भारत सरकारसाठी लिहिलेल्या त्या अहवालानंतर, 1961 मध्ये, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्यात साध्या लोट्याविषयी एक लांबलचक विचार आहे: तो डोक्यावरून नेला जातो की कमरेवरून, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, डोळे मिटून हाताळला तर कसा लागतो, दगडावर ठेवताना कसा वाजतो, कोणाला भेट द्यावासा वाटतो का. येथे उपयोग आणि भावना असे दोन कप्पे पाडलेलेच नाहीत. लोट्याचा तोल हीच त्याची आपुलकी आहे.

आता आपल्या स्क्रीनकडे पाहा. त्यावर 'नोंदणी क्रमांक प्रविष्ट करा' किंवा त्या धाटणीचे वाक्य आहे का? असल्यास ती भाषा मराठी असूनही त्या आजींची नाही. घरात मराठी बोलणाऱ्या आणि दारावरची पाटी कन्नडमध्ये वाचणाऱ्या आपल्या भागात 'मराठी' हे बटण दिसले की माणसाला क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. त्यानंतर समोर कचेरीची भाषा आली, तर होणारी निराशा परक्या भाषेने झालेल्या निराशेपेक्षा मोठी असते. मला विचाराल तर आपल्या यंत्रातील ही चूक वेळेच्या मर्यादेइतकीच गंभीर असावी.

उत्तर २ (अथणी)

आमच्या घरी तीन पिढ्या कोल्हापुरी चपलांचे काम चालते. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यांत आपला बेळगाव जिल्हाही आहे, हे मी अभिमानाने सांगतो.

वरील उत्तरातील एका गोष्टीत मला भर घालायची आहे. नवी चप्पल चावते. चामडे कडक असते, अंगठ्याजवळ आणि चपलेच्या कानांपाशी, म्हणजे बाजूच्या पट्ट्यांपाशी, पहिले काही दिवस त्रास होतो, आणि तरीही गिऱ्हाईक पुन्हा आमच्याकडेच येते. याचे कारण असे की माझे वडील चप्पल देतानाच सांगत, "चार दिवस चावंल, तेल लावा, मग तुमच्या पायाची हुईल." त्रास होणार हे आधी कळले की माणूस स्वतःच्या पायाला दोष देत नाही. म्हणून सगळे सोपे करणे म्हणजेच माणसाचा विचार करणे, असे मला वाटत नाही. जे अवघड आहे ते अवघड आहे असे वेळेवर आणि आपल्या माणसाच्या शब्दांत सांगणे, हाही कारागिराच्या कामाचा भाग आहे. आपल्या यंत्राने आजींना "सावकाश वाचा, थांबलेलो आहोत" एवढे सांगितले होते का?

उत्तर ३ (उद्यमबाग, बेळगाव)

मी यंत्रांचे नियंत्रण-फलक तयार करतो आणि 'भावनिक डिझाइन' या शब्दाविषयी सावध आहे. जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा या संशोधकांनी 1995 मध्ये एटीएमच्या बटणांच्या 26 मांडण्या लोकांना दाखवल्या, तेव्हा सुंदर मांडणी लोकांना वापरायलाही सोपी वाटली. पण सोपी वाटणे आणि सोपी असणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरातच बरीच फसवणूक खपते.

तरीही एक अनुभव लिहितो. साच्यावर दाब देणाऱ्या प्रेस मशीनवर दोन्ही हातांनी एकदम बटणे दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, कारण हात साच्याबाहेर राहायला हवेत. एका ठिकाणी कामगाराने त्यातले एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले मी पाहिले. सुरुवातीला मी त्याला बेफिकीर समजलो. त्याच्या शेजारी एक पूर्ण पाळी उभा राहिल्यावर कळले की बटणे त्याच्या उंचीला फार वर होती आणि दुपारनंतर त्याचे खांदे भरून येत. फलक खाली घेतला, चिकटपट्टी गेली. त्याच्या भावनेविषयी मी काहीही विचारले नव्हते. फक्त पाळीभर उभा राहिलो होतो.

म्हणून माझी विनंती अशी की एका आजींवरून निष्कर्ष काढू नका; पाच दिवस यंत्राजवळच्या बाकावर बसा. किती जण नोंदणी दुसऱ्याच्या हाती देतात, ते मोजा. तो आकडा सध्या तुमच्या तक्त्यात नाही आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. 'प्रविष्ट करा' हे शब्द माझ्या स्क्रीनवर खरोखरच आहेत. भाषांतर बाहेरून करून घेतले होते आणि मी ते शुद्धलेखनापुरतेच तपासले होते. तेथे आता 'तुमचे नाव लिहा' असे येईल. स्क्रीन परत जाण्याची मर्यादा काढता येणार नाही, कारण एकाची माहिती पुढच्याला दिसता कामा नये. पण परत जाण्यापूर्वी ती 'अजून वेळ हवा आहे का?' असे विचारेल आणि उत्तरासाठी पुरेशी थांबेल. नाव लिहून घ्यायला माणूस हवा असेल तर खिडकी कोणती, हेही पहिल्याच पानावर सांगायचे ठरवले आहे, म्हणजे तिकडे जाणे हार मानल्यासारखे वाटणार नाही.

भूमिकेचा पहिला परिच्छेद खोडून मी तेथे एवढेच लिहिले आहे: 'माझी वस्तू वापरून कोणी स्वतःला अडाणी म्हणाले, तर ते काम अपुरे आहे असे मी धरते.' दुसरा परिच्छेद अजून कोरा आहे. सोमवारपासून पाच दिवस सकाळी नऊ ते बारा बाकावर बसण्याची परवानगी रुग्णालयाने दिली आहे. कोणी किती वेळा मागच्याला 'तूच कर' म्हटले, याची नोंद मी वहीत ठेवेन आणि शनिवारी येथे लिहीन.