सोलहून आलेला किडनीचा काढा: क्रिएटिनिन २.१ असताना द्यावा का?

गंगापूररोडकर
वडील ६२ वर्षांचे, जुना मधुमेह. क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) २.१, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ३५, पोटॅशियम ५.१. टेल्मिसार्टन (रक्तदाबाचं), मेटफॉर्मिन (मधुमेहाचं), डॅपाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर काढणारं) चालू. नातेवाइकांनी दक्षिण कोरियातल्या सोलहून काढ्याची पाकिटं पाठवलीत, १०० मिलीचं एक, रोज दोन घ्यायची. गोळ्यांबरोबर चालेल का? नाशिकमध्ये काढा तपासून मिळेल का?

द्रव्यगुण_पंचवटी
घटक कळेपर्यंत देऊ नका. कोरियन वैद्यकात मूत्रपिंडाच्या दुर्बलतेत कंबरदुखी, कानात आवाज, रात्री वारंवार लघवी हे सगळं मोडतं. युक्मी-जिह्वांग हा त्यावरचा प्रसिद्ध योग (औषधी मिश्रण) हो जुन यांच्या १६१३ साली छापलेल्या ‘डोंगुई बोगाम’ ग्रंथातही आहे. सहा द्रव्यं, प्रमाण ८:४:४:३:३:३. आठ भाग वाफवून काळं केलेलं रेहमानिया या वनस्पतीचं मूळ. बाकीच्यांत कोनफळाच्या कुळातला एक कंदही आहे. क्रिएटिनिन उतरवायला हा योग रचलेलाच नाही. शिवाय तिथले परवानाधारक वैद्य रुग्ण तपासून काढा ठरवतात. न तपासता पाठवलेल्या पाकिटाला तो आधार नाही.

फार्मसी_सातपूर
खरी भीती ॲरिस्टोलोकिक आम्लाची, म्हणजे काही वनस्पतींतल्या किडनीला घातक विषाची. ब्रुसेल्समध्ये वजन घटवायच्या औषधात एका मुळीऐवजी हे आम्ल असलेली ॲरिस्टोलोकिया फांगची ही वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. हे १९९३ साली प्रसिद्ध झालं. औषध थांबवल्यावरही नुकसान वाढतच राहिलं, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. उकळून हे आम्ल जात नाही. इजा किडनीतल्या बारीक नलिकांना होते, त्यामुळे लघवीच्या पट्टीवरच्या चाचणीत प्रथिनं फारशी दिसत नाहीत. रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर येणं ही एक खूण, पण डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याला ती एरवीही येतेच. आपल्याकडची सापसंद ही वनस्पती ॲरिस्टोलोकियाच्याच कुळातली, तीही टाळा.

दुसरं पोटॅशियम. किडनीच्या रुग्णाची भाजी उकळून पाणी ओतून देतो, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. काढ्यात नेमकं तेच पाणी प्यायचं असतं. पोटॅशियम आधीच ५.१, त्यात ते वाढवू शकणारं टेल्मिसार्टन चालू असताना, हे धोक्याचं आहे.

लॅबचं म्हणाल तर नेहमीच्या पॅथॉलॉजीत रक्त-लघवी तपासतात, काढा नाही. त्याला क्रोमॅटोग्राफीची (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखायची) सोय लागते.

गंगापूररोडकर
मोबाइलवर पाकीट वाचून घेतलं. गामचो, ह्वांगी आणि आणखी दहा नावं आहेत. दोन दिवस दिलाय.

द्रव्यगुण_पंचवटी
गामचो म्हणजे ज्येष्ठमध. त्यातलं ग्लिसिरायझिन सोडियम धरून ठेवतं, रक्तदाब आणि पायांची सूज वाढवतं. ह्वांगी म्हणजे ॲस्ट्रॅगॅलसचं मूळ. बाकी दहांची लॅटिन नावं मागवा. नुसतं कोरियन नाव पुरत नाही, एकाच नावाखाली वेगळी वनस्पती मिसळली जाते. ब्रुसेल्सला गफलत तिथेच झाली.

फार्मसी_सातपूर
आजच बंद करा. उद्या क्रिएटिनिन, पोटॅशियम, रक्तदाब बघा, आठवड्याने पुन्हा. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं, लघवी कमी झाली किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाकीट घेऊन नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीतज्ज्ञाकडे) जा, आणि ईजीएफआर ४५ च्या खाली आहे म्हणून मेटफॉर्मिनचा डोस कमी करायचा का, तेही त्याच भेटीत विचारा. टेल्मिसार्टन आपल्या मनाने बंद करू नका.