वाचनाची दखल पडद्यावर झळकावी का?

मूळ मुद्दा : एका माध्यमिक शाळेचे ग्रंथपाल

आमच्या ग्रंथालयातील देवघेव आता 'कोहा' या मुक्त संगणकप्रणालीवर चालते. पुस्तकाचा आणि ओळखपत्राचा बारकोड वाचला की नोंद होते, त्यामुळे कोणी वर्षभरात काय नेले याची यादी लगेच मिळते. येत्या १५ ऑक्टोबरला, म्हणजे डॉ. कलाम यांच्या जयंतीनिमित्त साजऱ्या होणाऱ्या वाचन प्रेरणा दिनी, या नोंदींवरून मुलांना डिजिटल पदके द्यावीत आणि पहिल्या दहा वाचकांची नावे प्रवेशद्वाराजवळच्या पडद्यावर झळकवावीत, असा प्रस्ताव मी मांडला आहे. धावण्यात पहिल्या आलेल्याचे नाव परिपाठात पुकारले जाते. वर्षभर निमूटपणे वाचणारी मुलगी मात्र कोणाला ठाऊक नसते.

मराठीच्या शिक्षिका

सर, हेतूबद्दल शंका नाही. पण यंत्र मोजते ती देवघेव, वाचन नव्हे. मधल्या सुट्टीत सोळा पानी चित्रपुस्तक नेऊन शाळा सुटताना परत करणारा मुलगा यादीत वर चढेल, आणि जाडजूड आत्मचरित्र दोनदा मुदत वाढवून पुरवून पुरवून वाचणारी मुलगी तळाशी जाईल. शिवाय लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग बालवाडीतल्या, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर झाला होता. बक्षीस मिळणार हे आधी सांगून ज्यांच्याकडून चित्रे काढून घेतली, ती मुले पुढे मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. आवडीच्या कामाला मोबदला चिकटवला की असे होऊ शकते.

एक पालक

बाई, त्याच प्रयोगात ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड घटली नव्हती, हेही सांगायला हवे. म्हणजे दोष बक्षिसाचा नसून आधी दाखवलेल्या आमिषाचा आहे. मोजणीचा प्रश्न राहिला, तर अमेरिकेतील 'अ‍ॅक्सिलरेटेड रीडर' या शालेय वाचन-कार्यक्रमात पुस्तकाची लांबी आणि काठिण्य पाहून गुण ठरतात आणि ते संगणकावरील छोट्या चाचणीनंतरच मिळतात. तसे काही आपल्याकडे का करू नये?

मराठीच्या शिक्षिका

कारण मग मूल पुस्तक उघडण्याआधी त्याचे गुण पाहील. मराठी पुस्तकांची अशी प्रश्नपेढी तयार करायची तर ते काम कोणाच्या गळ्यात पडेल, हेही उघड आहे. आणि अनपेक्षित बक्षीस दुसऱ्या वर्षी अनपेक्षित कसे राहणार? पाचवीतल्या मुलांना दहावीतल्या ताई-दादांकडून सगळे आधीच कळलेले असते.

निवृत्त मुख्याध्यापक

पडद्याला माझा वेगळ्या कारणाने विरोध आहे. वयात येण्याविषयीचे किंवा घरातल्या व्यसनाविषयीचे पुस्तक नेणाऱ्या मुलाला आपली यादी कोण पाहते हे कळले, तर तो ते पुस्तक नेणारच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची आणि मुलांवर पाळत न ठेवण्याची अट घातली आहे. शिक्षणसंस्थांना नियमांत सवलत आहे, पण ती शैक्षणिक कामकाज आणि सुरक्षिततेपुरती. गुणवंतांच्या जाहिरातीसाठी ती ओढूनताणून लावू नये.

ग्रंथपाल

पडदा मी सोडतो, नोंदी सोडणार नाही. प्रत्येक मुलाची यादी फक्त त्यालाच छापून द्यावी आणि तिच्याखाली एक ओळ हाताने लिहावी : 'तुला प्रवासवर्णने आवडतात, ही दोन नवी आली आहेत.' ज्या मुलाने जूनपासून एकही पुस्तक नेले नाही, त्याचेही नाव मला याच नोंदींतून कळते, आणि खरे काम तिथेच आहे. देवघेव नोंदवहीची पाने उलटत हे शोधणे मला कधी जमले नसते.

मराठीच्या शिक्षिका

हाताने लिहिलेल्या ओळीला माझी हरकत नाही. मात्र ती दखल तुमची आहे, प्रणालीची नव्हे, आणि पदकांचा मुद्दा तुम्ही अजून मागे घेतलेला नाही. अनेक शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ आहेत आणि त्यांच्याकडे बदली तासही दिले जातात. शेकडो मुलांसाठी ती एक ओळ कोण लिहिणार, हे ठरल्याशिवाय प्रस्ताव शाळा समितीपुढे नेऊ नये.