मदत हवी आहे: लेबर कॅम्पमधली १८ कुटुंबं, हातात ६०,००० रुपये. किट वाटण्याऐवजी काय करता येईल?

मोशी_फेज२
नमस्कार. पुण्याजवळ मोशीत आमच्या सोसायटीला लागून एका बांधकामाचा लेबर कॅम्प आहे. पत्र्याच्या दोन ओळी, १८ कुटुंबं. ७ नांदेड-परभणीकडची, ६ यादगीर-कलबुर्गीची, ५ बिहार-छत्तीसगडची. चौदा वर्षांखालची मुलं २३, त्यातली शाळेत जाणारी फक्त ४. काम अजून दीड-दोन वर्षं चालेल.

सोसायटी आणि शेजारच्या गणेश मंडळाने मिळून ६०,००० रुपये जमवलेत. मंडळाला धान्याचे किट आणि ब्लँकेटं द्यायची आहेत. शनिवार-रविवार वेळ देणारी ६ माणसं आहेत, कुणालाच अनुभव नाही. या लोकांची घडी जरा बसेल असं काय करता येईल? सुरुवात कुठून करायची?

तराजू
आधी साधा हिशेब करा. ६०,००० भागिले १८ म्हणजे घरटी ३,३३३. पाच माणसांच्या घरात किटचं धान्य फार तर महिनाभर पुरेल. उलट त्याच घराचं रेशन कार्ड प्राधान्य गटातलं असेल तर माणशी ५ किलोप्रमाणे दरमहा २५ किलो धान्य त्यांच्या हक्काचं आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. बाजारभाव ३५ रुपये किलो धरला तरी महिन्याला ८७५ रुपये वाचतात. अंत्योदय (सर्वांत गरीब घरांचं) कार्ड असेल तर घराला सरसकट ३५ किलो.

कार्ड गावचं आहे ही अडचण नाही. 'एक देश एक रेशन कार्ड' २०१९ मध्ये सुरू झालं आणि जून २०२२ पर्यंत सगळी राज्यं त्यात आली. यादगीरचं कार्ड मोशीच्या दुकानात चालतं. कार्डावरचा पत्ता बदलायचा नाही, गावचं नाव कमी करायचं नाही, इथे नवं कार्ड काढायचं नाही. एजंट नेमकं हेच करायला लावतात आणि गावचं कार्डही घालवतात.

पण त्याआधी आधारला कोणता मोबाइल नंबर जोडलाय ते बघा. ही माणसं सिम बदलत राहतात. कित्येकांच्या आधारला जुना बंद नंबर असतो, नाहीतर मुकादमाचा. ओटीपी मुकादमाच्या फोनवर जात असेल तर पुढचं प्रत्येक काम त्याच्या मर्जीवर. नंबर बदलायला प्रत्येकाला आधार केंद्रावर घेऊन जा, कागद लागत नाहीत, फी ७५ रुपये. पहिला शनिवार यातच घालवा.

नंतर 'मेरा राशन' अ‍ॅपमध्ये प्रत्येकाचं आधार कार्डाला जोडलेलं आहे का आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालीय का ते पाहायचं. बहुतेक राज्यांच्या कार्डांची ई-केवायसी इथल्या दुकानातही होते, त्यासाठी गावी जायचं भाडं घालवू नका. महाराष्ट्रातल्या केशरी कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का तेही बघा. नुसतं केशरी असून धान्य मिळत नाही.

मोशी_फेज२
धन्यवाद तराजू. काल तीन घरांबरोबर दुकानात गेलो होतो. एकाचं झालं. दुसऱ्याचा अंगठा चार वेळा लावूनही घेतला नाही. तिसऱ्याच्या वेळी दुकानदार म्हणाला, 'शिल्लक शून्य दाखवतंय.' म्हणजे काय?

तराजू
शिल्लक शून्य म्हणजे त्या महिन्याचं धान्य गावी कुणीतरी उचललंय. बहुतेक आईवडील असतील, आणि त्यात गैर काही नाही, त्यांचीही नावं त्याच कार्डावर आहेत. गावी फोन लावून वाटणी ठरवून घ्या. कार्डावर सात माणसं असतील, तिघं गावी आणि चौघं इथे, तर गावी १५ किलो उचलायचं आणि इथे २०. मशीन असं अर्धं-अर्धं देतं. पण गावचा दुकानदार सगळं एकदम काढून देतो, म्हणून 'फक्त पंधरा' हे तिथे आधी सांगावं लागतं.

अंगठ्याचं कारण सिमेंट. त्यातल्या क्षारांनी बोटांच्या रेषा झिजतात, माल कालवणाऱ्या बायकांच्या तर जास्तच. अंगठ्याचा हट्ट सोडा. अनामिका किंवा करंगळी लावून बघा, हात धुवून, बोट किंचित ओलसर ठेवून. मशीनची काचही पुसून घ्यायला सांगा, ती दिवसभरात तेलकट होते. तरी नाही झालं तर नव्या ४जी मशीनबरोबर बुबुळाचा स्कॅनर असतो, तो बाहेर काढायला लावा. बऱ्याच दुकानांत तो खोक्यातच पडून असतो. तेही जमलं नाही तर कार्डावरच्या दुसऱ्या कुणालाही न्या. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या बोटाच्या रेषा चांगल्या असतात, आणि तिचं आधार अपडेट झालेलं असेल तर काम एका मिनिटात होतं.

दुकानात माल उतरल्यावर पहिल्या आठवड्यात जा. दुकानदाराचा कोटा मुळात त्याच्या स्वतःच्या कार्डांवर ठरतो. बाहेरची कार्डं वाढली की महिन्याच्या शेवटी माल संपतो आणि पहिली कात्री याच लोकांना लागते. तक्रारीसाठी १४४४५. आणि सलग सहा महिने धान्य कुठेच उचललं नाही तर कार्ड निष्क्रिय होऊ शकतं, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

पाटीपेन्सिल
रेशनवर भरपूर झालं, आता २३ पैकी ४ मुलं शाळेत आहेत त्याकडे येऊ.

शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून महापालिकेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५: दाखल्याला उशीर हे प्रवेश अडवायचं कारण होत नाही. कलम १४: जन्माचा पुरावा नसला तरी प्रवेश. कलम १५: वर्षाच्या मध्येही प्रवेश. कलम ४: दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि राहिलेलं वेगळं शिकवायचं. मुख्याध्यापकांना हे माहीत असतं, कायदा ऐकवायला जाऊ नका. अडतं ते संगणकात. मुलाचं नाव गावच्या शाळेच्या पटावर असतं आणि तिथून सोडल्याशिवाय यू-डायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) इथे ओढता येत नाही. गावच्या शाळेला फोन करून नाव 'ड्रॉपबॉक्स'मध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) टाकायला सांगा आणि मुलाचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) विचारून घ्या. तो ११ अंकी क्रमांक असला की इथल्या शाळेचं काम सोपं. पट कमी होईल म्हणून गावची शाळा नाव सोडायला कुरकुर करते. शिक्षक शिक्षकाशी बोलले की लवकर होतं, म्हणून फोन इथल्या गुरुजींकडूनच लावून घ्या. शाळेत बालरक्षक म्हणून (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायला) नेमलेले शिक्षक असतील तर थेट त्यांना गाठा.

आता खरी अडचण. नऊ-दहा वर्षांची मुलगी शाळेत जात नाही, कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचं भावंड असतं. तिचा प्रवेश करून या, आठवड्याने ती पुन्हा कॅम्पमध्ये दिसेल. आधी त्या लहान मुलाची सोय. अंगणवाडी स्थलांतरितांच्या मुलांनाही घेते, पण तिची वेळ आणि साइटची वेळ जुळत नाही. पाळणाघर लागतं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून अधिक बाया कामावर असतील तर पाळणाघर बंधनकारक होतं, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. हजेरीपटावर मात्र आकडा पन्नासच्या आतच राहायचा, कसा ते विचारू नका. म्हणून बिल्डरकडे कायदा न काढता एक खोली मागा. वीज, पाणी, जवळ संडास, दाराला खालून अडसर. खोली मिळाली की पुण्यात या कामातल्या संस्था आहेत, डोअर स्टेप स्कूल आणि तारा मोबाइल क्रेशेस. त्यांच्याशी बोला, बाई कुठून आणायची, मुलांना काय खायला द्यायचं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. नव्याने शोध लावत बसू नका.

मंडळाचा_खजिनदार
सगळं मान्य. पण वर्गणी देणाऱ्यांना काय दाखवायचं? किट वाटताना फोटो निघतो, हिशेब दिसतो. 'आधारचा नंबर बदलला' याचा फोटो कसा काढणार?

केसपेपर
फोटो काढूच नका. मुलांचे तर अजिबात नाहीत. हिशेब मात्र नीट दाखवा. मंडळाने वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची ४१ क ची परवानगी घेतली असेलच. ती ज्या कारणासाठी घेतली त्यात हा खर्च बसतो का ते आधी तपासा, नाहीतर सोसायटीचे आणि मंडळाचे पैसे वेगळ्या वहीत ठेवा.

पैसे कुठे घालायचे ते सांगतो. या लोकांचा सर्वांत मोठा खर्च फी नाही, खाडा आहे. आधार केंद्रावर एक दिवस गेला की हजेरी बुडते. बिगारीची हजेरी ६०० धरा. घरटी दोन खाडे भरून दिले तर १८ × २ × ६०० = २१,६००. कॅम्पमधल्याच एका बाईला महिना २,००० देऊन मुलांना शाळेत पोचवायचं-आणायचं काम दिलं तर दहा महिन्यांचे २०,०००. आधार, झेरॉक्स, रिक्षा यांना ५,०००. उरले १३,४००. ते दवाखान्यासाठी बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका.

दवाखान्याचंही आताच शिकून ठेवा, रात्री अकरा वाजता शिकता येत नाही. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकाला सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १.८० लाख आणि ३.६० लाख. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. तातडीचा रुग्ण असेल तर अनामत रक्कम मागता येत नाही, कागद नंतर देता येतात. बिलिंगच्या खिडकीशी वाद घालू नका, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा आणि 'निर्धन रुग्ण निधीतून करायचंय' हेच शब्द वापरा. हे दाखल होतानाच सांगायचं. बिल झाल्यावर सांगितलं तर फार तर थोडी सूट मिळते. कुठे किती खाटा रिकाम्या आहेत ते धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसतं.

मोशी_फेज२
खजिनदारांशी बोललो, ब्लँकेटं कमी करून पैसे वळवायला तयार आहेत. एक नवा प्रश्न. चार घरांवर मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) आहे, २०-३० हजारांच्या घरात. ती फेडून टाकली तर मोकळे होतील का?

हजेरीवही
नको. फेडलीत तर पुढच्या सणाला तोच नवी उचल देईल, आणि १८ मधल्या चारच घरांना का, हे भांडण तुमच्या दारात येईल. उचल बुडवते ती हिशेबामुळे. आठवड्याला खर्ची (हातखर्चाचे पैसे) मिळते, हजेरी मुकादमाच्या वहीत, आणि शेवटचा हिशेब काम संपताना. किती दिवस भरले याचा पुरावा कामगाराकडे काहीच नसतो. प्रत्येक घराला एक खिशातली डायरी द्या. रोज तारीख, हजेरी पूर्ण की अर्धी, आठवड्याला मिळालेली खर्ची. नवरा-बायकोची पानं वेगळी. लिहिता येत नसेल तर पूर्ण दिवसाला फुली, अर्ध्याला रेघ. वादाच्या वेळी कामगार कार्यालयात ही वही दाखवता येते. ती आहे हे कळल्यावर मुकादमाचा सूरही बदलतो.

याच वहीचा दुसरा उपयोग. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला मागच्या वर्षातल्या ९० दिवस कामाचं प्रमाणपत्र लागतं. वय १८ ते ६०, नोंदणी फी नाममात्र. हजार-दीड हजार मागणारा दलाल असतो, कार्यालय नाही. ठेकेदार सही द्यायला टाळतो, आपल्या अंगाशी येईल म्हणून. साइट इंजिनिअरला मध्ये घाला. बायकांची नोंदणी वेगळी करा. ती दिवसभर घमेली वाहते आणि कार्ड फक्त नवऱ्याचं निघतं, मग बाळंतपणाचं साहाय्य अडतं. नोंदणी असेल तर पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५००, आठवी ते दहावी ५,०००, अट ७५ टक्के हजेरीची. म्हणजे पाटीपेन्सिल यांचं काम झालं तरच हे पैसे मिळतात. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, तिथे निम्मे लोक गळतात.

बँक खातं असेल तर वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा (प्रधानमंत्री सुरक्षा विमा) आजच सुरू करा, २ लाखांचा. मेच्या शेवटी खात्यात २० रुपये नसले की तो बंद पडतो, म्हणून १५ मेला सगळ्यांना आठवण करा.

पाटीपेन्सिल
आणि मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका, 'सांभाळून ठेवतो' म्हणूनसुद्धा नाही. गँग एका रात्रीत दुसऱ्या साइटवर हलते. घरटी एक चेनची प्लास्टिक पिशवी द्या. आत आधार, रेशन कार्ड, लसीकरणाचं कार्ड, मुलांचे पेन क्रमांक लिहिलेला कागद आणि हजेरीची डायरी. वर खोली नंबर लिहू नका, खोल्या बदलतात. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात खालून पाणी येतं, तेव्हा पिशवी पेटीत नको, वर वाशाला टांगायची.

मोशी_फेज२
पिशव्या आजच आणतो. शनिवारी आधार केंद्राची ६ जणांची वेळ मिळाली आहे, खाड्याचे पैसे तिथेच देणार. रेशनचं पुढच्या महिन्यात माल उतरला की इथे लिहितो.