कर्नल ब्लिम्प: चर्चिल उगाच भडकला होता का?

खिडकीतला
'द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प' परवा पुन्हा पाहिला. पॉवेल-प्रेसबर्गर या दिग्दर्शक-लेखक जोडीचा, १९४३ चा. (ब्लिम्प हे व्यंगचित्रातल्या जुनाट विचारांच्या लष्करी म्हाताऱ्याचं नाव; सिनेमातल्या नायकाचं नाव क्लाइव्ह कँडी.) ऐन युद्धात आपल्याच लष्करातल्या म्हाताऱ्या जनरलची टर उडवायची, तीही महागड्या टेक्निकलरमध्ये! चर्चिलला कुणकुण लागली तेव्हा त्याने माहितीमंत्री ब्रेंडन ब्रॅकनला लिहिलं, हा प्रकार थांबवा. थांबला नाही. परदेशी पाठवण्यात मात्र खोडा घातलाच. नट लॉरेन्स ऑलिव्हिएला नौदलाने सोडलं नाही म्हणून रॉजर लिव्हसीला कँडीची भूमिका मिळाली, ते एक बरं झालं.

माझ्या मते चर्चिलचा राग अस्थानी होता. टिंगल आहे ती सुरुवातीला. 'युद्ध मध्यरात्री सुरू होईल' असं सरावाच्या वेळापत्रकात ठरलेलं, म्हणून टर्किश बाथमध्ये टॉवेल गुंडाळून निवांत पडलेला होमगार्डचा ढेरपोट्या जनरल क्लाइव्ह कँडी, आणि सहा तास आधीच येऊन त्याला कैद करणारा पोरगेला लेफ्टनंट विल्सन. मग सिनेमा चाळीस वर्षं मागे जातो, हा माणूस असा का झाला ते दाखवतो आणि आपलं हसू विरतं. सैनिकाची एवढी कदर कुठल्या प्रचारपटाने केली?

तिरपागडा
कदर नव्हे, लाड. १९०२ मध्ये कँडी बर्लिनला जातो कशाला? दक्षिण आफ्रिकेत इंग्रज बायकामुलांना मारतात, हा 'अपप्रचार' खोडायला. तो पसरवणारा काउनिट्स अर्थातच बदमाश. प्रत्यक्षात इंग्रजांच्या छावण्यांत हजारो बोअर (तिथल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांची) बायकामुलं रोगराईने आणि उपासमारीने मेली. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईनेच १९०१ मध्ये ते चव्हाट्यावर आणलं. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांचं तर नावच नाही. आणि हा सिनेमा लागला त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळात काय चाललं होतं, तेही आठवा.

खिडकीतला
बंगालवर वेगळा धागा काढा, मी तुमच्याच बाजूने लिहीन. इथे १९१८ चा प्रसंग बघा. कँडी जर्मन कैद्यांची चौकशी करतो, हाती काही लागत नाही. तो निघून गेल्यावर दक्षिण आफ्रिकेचा मेजर व्हॅन झाइल कैद्यांना सुनावतो की आता गाठ माझ्याशी आहे. पुढचं दाखवत नाहीत, दाखवायची गरजही नाही. थोड्याच वेळात युद्ध संपतं आणि कँडी म्हणतो, आपण सरळ मार्गाने लढलो म्हणून जिंकलो. दिग्दर्शक त्याला खोटं पाडतो आणि त्याला पत्ताही लागू देत नाही. याला लाड म्हणायचं?

शेवटची रांग
माझी तक्रार साधी आहे: १६३ मिनिटं! आणि त्यात कँडी आणि जर्मन अधिकारी थिओ यांच्या द्वंद्वयुद्धाच्या नियमांची एवढी साग्रसंगीत तयारी, की तलवारी भिडताक्षणी कॅमेरा छतातून बाहेर, बर्फात! फसवणूक आहे ही. (डेबोरा कर तीन भूमिकांत आहे, म्हणून माफ.)

मृण्मयी
रांगवाले, विनोद तिथेच तर आहे. द्वंद्व महत्त्वाचं नाहीच, त्यातून झालेली थिओशी मैत्री महत्त्वाची. चर्चिलला झोंबायला हवा होता तो हा थिओ. युद्ध चालू असताना सिनेमातला सर्वात शहाणा माणूस जर्मन! लिहिणारा प्रेसबर्गर हिटलरमुळे बर्लिन सोडलेला हंगेरियन ज्यू. १९३९ मध्ये इंग्लंडमध्ये आसरा मागताना इमिग्रेशनच्या टेबलासमोर थिओ सांगतो की बायको गेली, मुलं नाझी झाली, आईच्या अंत्यविधीलाही आली नाहीत. थिओ झालेला अँटन वॉलब्रुक आवाज चढवत नाही, कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही.

पण तोच थिओ पुढे कँडीला पटवतो की नाझींशी सभ्यपणाने लढाल तर हराल. इथे मला सिनेमा पटत नाही. हा प्रदर्शित झाला जूनमध्ये. जुलैअखेरीस ब्रिटिश विमानांनी हॅम्बुर्ग पेटवलं, हजारो नागरिक मेले. नियम मोडायला मुभा दिलीत की रेघ कुठे ओढणार?

खिडकीतला
रेघ आहे ना. पूर्वी वरिष्ठाने झापल्यावर जेवायला बोलावलं होतं, ते कँडीला शेवटी आठवतं. मग तोही विल्सनला जेवायला बोलावायचं ठरवतो. डोकं थिओचं, काळीज कँडीचं.

मृण्मयी
जेवणाने काय होतंय? त्याच प्रसंगात रस्त्यावरून नव्या दमाचं सैन्य जातं आणि कँडी त्याला सलाम ठोकतो. म्हणजे वेळेआधी हल्ला करून नियम मोडणारा विल्सन जिंकला. मला पटत नाही ते हेच.