टीव्हीवर जुनं नाटक फुगलेलं दिसतंय, मॅचचा स्कोअर कापला जातोय, सेटिंग नेमकं कुठलं बदलू?

साखळीकरीण
नमस्कार मंडळी. चवथीच्या आधी घरात नवीन 43 इंची एलईडी टीव्ही घेतला, पण पप्पांचं समाधान होत नाहीये. पप्पा पूर्वी जत्रेतल्या नाटकांत काम करायचे, त्यातल्या एका ऐतिहासिक नाटकाची व्हिडिओ कॅसेट घरात होती, ती स्टुडिओत देऊन पेनड्राइव्हवर करून घेतली. आता ती टीव्हीवर लावली की सगळी माणसं आडवी फुगलेली दिसतात. पप्पा त्या काळी एकदम शिडशिडीत होते, त्यांना ते बघवत नाही, दोन मिनिटांत बंद करायला लावतात. झूम केलं तर जिरेटोपच वर कापला जातो. 4:3 (जुन्या टीव्हीचा आकार, रुंदी 4 तर उंची 3) केलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, आणि शेजारचे काका म्हणतात तसे पट्टे ठेवले तर पडदा खराब होतो. शिवाय सेटटॉप बॉक्सवर मॅच लावली की खालची स्कोअरची पट्टी अर्धीच दिसते. कुठून सुरुवात करू?

केरीचो_विठू
ताई, स्कोअरचं आधी सांगतो, ते सोपं आहे. त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या डब्बा टीव्हीत चित्राच्या कडा पडद्याच्या चौकटीमागे लपवायचे, ती सवय नव्या टीव्हीतही राहिलीय, चित्र किंचित मोठं करून दाखवतात आणि चारही कडा थोड्या थोड्या जातात. पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशोमध्ये जा, एलजीत जस्ट स्कॅन असतं, सॅमसंगमध्ये फिट टू स्क्रीन, सोनीत डिस्प्ले एरियात फुल पिक्सेल. मॅच चालू असतानाच बदला, कारण बऱ्याच टीव्हीत हे सेटिंग प्रत्येक एचडीएमआयचं वेगवेगळं लक्षात राहतं.

म्हापशेकार_डिशवाला
मी बारदेसात डिश बसवायचं काम करतो, रोज हेच बघतो. चित्र दोन ठिकाणी ताणलं जातं, एक बॉक्समध्ये आणि एक टीव्हीत, आणि लोक फक्त टीव्हीचा रिमोट दाबत बसतात. आधी बॉक्सच्या मेनूत जाऊन टीव्ही टाइप 16:9 (आताच्या रुंद पडद्याचा आकार) आणि रिझोल्यूशन 1080 करा, मग टीव्ही 16:9 वर ठेवा. पिवळी-लाल-पांढरी वायर असेल तर काढून एचडीएमआय लावा, त्या वायरीतून एचडी येतच नाही, मग मेनूत काहीही करा.

पेनड्राइव्हचं वेगळं आहे, तिथे मध्ये बॉक्स नाही. नाटक चालू असताना पॉज करा आणि चित्रात एखादी गोल वस्तू शोधा, मागच्या पडद्यावर रंगवलेला सूर्य असेल, भिंतीवरचं घड्याळ असेल, आणि शिंप्याची टेप घेऊन सरळ पडद्यावर मोजा. उंची 9 इंच आणि रुंदी 12 भरली तर 4:3 चं चित्र 16:9 मध्ये ओढलंय, बरोबर एक तृतीयांश जास्त. मग टीव्हीला 4:3 द्यायचं, सूर्य गोल झाला की पप्पापण शिडशिडीत होणार. 4:3 करूनसुद्धा गोल होत नसेल तर स्टुडिओत फाइल करतानाच गडबड झालीय. आणि झूमला हात लावू नका, 4:3 चं चित्र पडदाभर करताना वरखाली मिळून पाव भाग जातो, जिरेटोप जाणारच.

दिवचलकार
झूम नकोच असं सरसकट नका सांगू हो. काही एसडी (एचडी नसलेल्या, साध्या) चॅनलवर सिनेमा लागतो तेव्हा चारही बाजूंनी काळं येतं, चित्र मधे एवढंसं. तिथे झूमच करायचं, कापलं जातं ते फक्त काळं. आणि माझं मत, एवढे पैसे देऊन मोठा पडदा घ्यायचा आणि कडा रिकाम्या ठेवायच्या हे जिवाला लागतं.

म्हापशेकार_डिशवाला
चारही बाजूंच्या काळ्याचं तुमचं बरोबर, तिथे झूमच. पण नाटकाचं हिशोबाने बघा. 43 इंची पडद्यावर 4:3 चं चित्र 35 इंची टीव्हीएवढं येतं, बाजूचे पट्टे साधारण पावणेपाच इंचांचे. ही कॅसेट ज्या काळची, तेव्हा घरोघरी 21 इंची डबे होते. म्हणजे पप्पांना ते तेव्हापेक्षा कितीतरी मोठंच दिसतंय. पट्ट्यांनी पडदा खराब होण्याची काळजी ओएलईडीत थोडी खरी आहे, तीही रोज तासन्‌तास तेच लावलं तर. तुमचा एलईडी, निर्धास्त राहा.

साखळीकरीण
देव बरें करूं! स्कोअर आला, पूर्ण पट्टी दिसतेय. नाटकात सूर्य नव्हता पण मागच्या पडद्यावर ढाल टांगलेली होती ती मोजली, 4:3 वर अगदी गोल. पप्पांनी पहिला अंक सलग बघितला. पण आता दोन गोष्टी दिसताहेत, चेहरे निळसर पांढरे वाटतात, आणि लढाईच्या प्रसंगात तलवार फिरली की कडेला कंगव्यासारख्या रेषा येतात.

फोंडा_साउंड
निळसर दिसतंय ते व्हिविड किंवा डायनॅमिक मोडमुळे, दुकानातल्या लखलखाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून असतो तो. सिनेमा किंवा मूव्ही मोड लावा, कलर टेम्परेचर वॉर्म. पहिल्यांदा पिवळट वाटेल, डोळ्यांना चार दिवस द्या, मग रंगभूषेचा खरा रंग दिसायला लागतो. शार्पनेस अगदी खाली आणा, कॅसेटच्या चित्रात तो वाढवला की माणसांभोवती पांढरी कड येते आणि दाणे वाढतात. तुमच्या सालात (हॉलमध्ये) दुपारी बाल्कांवातून (ओसरीतून) उजेड येत असेल तर बॅकलाइट वाढवा, ब्राइटनेस नाही, ब्राइटनेसने काळं राखाडी होतं, आणि नाटकात तर मागे सगळा काळोखच असतो. मोशन स्मूथिंग, कुठे ट्रूमोशन, कुठे मोशनफ्लो अशी नावं असतात, तेही बंद करून बघा.

तलवारीच्या रेषा मात्र टीव्हीत जाणं कठीण. कॅसेटवर चित्र सम-विषम ओळींच्या दोन हप्त्यांत असतं, सेकंदाला असे 50 हप्ते, आणि ते नीट न जुळवता फाइल केली की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगवा दिसतो. मूळ कॅसेट आहे ना अजून? ती टाकू नका, पावसाळ्यात बुरशी धरते, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि ती घेऊन परत स्टुडिओत जा. त्यांना सांगा, 720 बाय 576 ठेवा, डीइंटरलेस (म्हणजे ते दोन हप्ते जुळवणं) नीट करा, आणि फाइलवर 4:3 ची खूण घाला. खूण असली की बहुतेक टीव्ही आपोआप बरोबर आकारात लावतात, दर वेळी सेटिंग बदलावं लागत नाही.

साखळीकरीण
कॅसेट आहे, कपाटात. उद्याच नेते.