मदत हवी आहे: पँटोप्राझोल बंद केली आणि बाबांची जळजळ आधीपेक्षा वाढली

वावरातला पोरगा
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. बाबा साठीच्या पुढचे. बरीच वर्षं सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल ४० ही ॲसिड कमी करणारी गोळी घेत होते. मूळ चिठ्ठी कुणाची होती ते आता कोणालाच आठवत नाही. रिकामी स्ट्रिप दाखवली की मेडिकलवाला नवी देतो. पोळ्याच्या सुमारास व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवलं की या गोळीनं हाडं ठिसूळ होतात. बाबांनी त्याच दिवशी बंद केली. आता दोन उशा घेऊन झोपून राहिले, तरी आंबट पाणी घशाशी येतं. गोळी सुरू व्हायच्या आधीही इतकं नव्हतं म्हणतात.

पोटाला कळतं कसं, ॲसिड किती सोडायचं ते? काल माय खलबत्त्यात ठेचा कुटत होती, मिरची-लसणाचा वास सुटला आणि बाबा बाजेवरूनच म्हणाले, "झालं, सुरू झालं." ताट वाढायचं होतं अजून! आणि थंड दुधानं जरा बरं वाटतं, पण तासाभरात पुन्हा तेच. ते का?

खर्राही खातात. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येईल.

पऱ्हाटीवाला
भाऊ, माह्या काकालेही असंच होये. ओवा अन् काळं मीठ देऊन पाहा. पण खर्रा पयले सोडाले लावा बाप्पा, तंबाखूचं पानी गिळल्यावर पोट काय आशीर्वाद देईन?

वावरातला पोरगा
आलाच 😀 ओवा, सोडा, जिरं, सगळं करून झालं दादा.

जठराग्नी
मी नागपूरला शरीरक्रियाशास्त्र शिकवते. वासानं सुरू होतं हा मनाचा खेळ नाही. वास, चव, नुसता जेवणाचा विचारही पुरतो. मेंदू व्हेगस नसेतून जठराला निरोप धाडतो. जेवणामागे सुटणाऱ्या ॲसिडचा साधारण तिसरा हिस्सा असाच सुटतो. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हनं कुत्र्याचा घास पोटात न पोचू देता हे दाखवलं होतं. १९०४चं नोबेल त्याला पचनावरच्या कामासाठी मिळालं, लोकांना मात्र घंटीच आठवते.

अन्न पोटात पडल्यावर खरा जोर येतो. जठर ताणलं जातं, प्रथिनांचे तुकडे खालच्या भागातल्या जी पेशींना लागतात आणि त्या गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक सोडतात. ॲसिड बनवणाऱ्या पेशींत प्रोटॉन पंप असतात, त्यांना विहिरीवरची मोटर समजा. बटणं तीन: व्हेगसकडून येणारं ॲसिटिलकोलिन, गॅस्ट्रिन आणि हिस्टामिन. गॅस्ट्रिन बरंचसं काम जठराच्या अस्तरातल्या ईसीएल पेशींकडून हिस्टामिन सोडवूनच करून घेतं. फॅमोटिडिन ही ॲसिडवरची दुसरी गोळी फक्त हिस्टामिनचं बटण अडवते, पँटोप्राझोल मोटरच बंद पाडते.

आवर घालायचीही सोय आहे. जठरातला पीएच ३च्या खाली उतरला, म्हणजे ॲसिड फार झालं, की तिथल्या डी पेशी सोमॅटोस्टॅटिन हे आवर घालणारं संप्रेरक सोडतात आणि गॅस्ट्रिन कमी होतं. बाबांच्या पोटात वर्षानुवर्षं ॲसिडच कमी, त्यामुळे हा आवर सैल पडला, गॅस्ट्रिन चढत गेलं, त्यानं ईसीएल पेशीही वाढल्या. गोळी होती तोवर काही दिसलं नाही. गोळी थांबली, नवे पंप तयार झाले, आणि बटणं आधीच दाबलेली. ही उसळी काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही राहते. म्हणून जुनी गोळी बहुधा हळूहळू उतरवतात, तीही डॉक्टरांना विचारून.

दूध आधी ॲसिड शमवतं. मग त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम नवं ॲसिड सोडायला लावतात.

पण एक सांगा, गोळी मुळात सुरू कशासाठी झाली? दुखण्याची काही गोळी चालू आहे का?

वावरातला पोरगा
हो ताई, मायला विचारलं. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक. फवारणीच्या दिवसांत तर रोज. ती अजूनही घेऊनच राहिले. तिचा काय संबंध?

जठराग्नी
मग पँटोप्राझोल बहुतेक जळजळीसाठी नव्हतीच, पोट राखायला दिली होती. इतक्या तीव्र ॲसिडात आणि प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनमध्ये जठर स्वतः पचत नाही, कारण अस्तरावर चिकट श्लेष्मा आणि बायकार्बोनेटचा थर असतो. तो टिकवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातच बनणारी रसायनं लागतात आणि डायक्लोफेनॅक नेमकं तेच कमी करते. म्हणजे राखण करणारी गोळी गेली, खरवडणारी राहिली. साठीपुढे यातून व्रण होऊन रक्त जाऊ शकतं, कधीकधी काही न दुखता.

डायक्लोफेनॅक आजच थांबवा आणि डॉक्टरांना दोन्ही गोळ्या दाखवा. दुर्बीण लागेल का, एच. पायलोरी जंतूची तपासणी करायची का, हे ते ठरवतील. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी किंवा चक्कर असेल तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, तर तेही सांगा. चालताना छातीत जळत असेल तर ते हृदयाचंही असू शकतं, म्हणून पोटाच्या आधी ईसीजी.

वावरातला पोरगा
शौच काळी नाही म्हणतात, पण ते बघतात कुठं. आजपासून बघायला सांगितलं. उद्या सकाळच्या एसटीनं यवतमाळला नेतो. तोवर गुडघ्याला काय द्यायचं?

जठराग्नी
लिव्हरचा त्रास किंवा दारू नसेल तर पॅरासिटामॉल, पाकिटावरच्या मात्रेपेक्षा जास्त नाही. डायक्लोफेनॅकची रिकामी स्ट्रिपही सोबत न्या, आणि मेडिकलवाल्याला सांगून ठेवा की चिठ्ठीशिवाय ती बाबांना द्यायची नाही.