मदत हवी आहे: गायी ठणठणीत, तरी शेण तपासायचं का? (इंदूर)

सांवेररोड_मंजू: बाबांच्या लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून करतात ती तपासणी) ईएसबीएल ई. कोलाय निघाले, म्हणजे बरीच अँटिबायोटिक निकामी करणारे आतड्यातले जंतू. बहुतेक औषधांपुढे ‘आर’, म्हणजे औषध चालत नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरी गुरं आहेत का. आहेत! पण एकही गाय आजारी नाही, दूध भरपूर. मग त्यांच्यात असले जंतू कुठून येणार? शेण इंदुरात कुठे तपासतात? आई गायी विकायला निघालीय. लवकर सांगा.

गुरांचा_डॉक्टर: ताई, धार कोण काढतं? दूध कच्चं पिता? गायींना इंजेक्शनं झाली का? बाबा कुठे भरती होते? हे कळल्याशिवाय गायींवर आळ नको.

पागनीसपागा_काका: जर्सी काढा, गीर आणा. आमच्या गीरला कधी डॉक्टर लागला नाही.

गुरांचा_डॉक्टर: काका, गीर असो की जर्सी, ई. कोलाय आतड्यात असतातच. गायीला त्रास नसतो म्हणून ती ठणठणीत दिसते. औषध दिलं की साधे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि शेणातून बाहेर पडतात. शिवाय औषधाला दाद न देण्याची जनुकं प्लाझ्मिडवरून (जंतूतला डीएनएचा सुटा तुकडा) एका जंतूतून दुसऱ्यात जातात. कोलिस्टिन या शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या अँटिबायोटिकला न जुमानणारं असं जनुक चीनमध्ये डुकरांत सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. २०१९ मध्ये आपल्याकडे दूध-मांसाच्या जनावरांना कोलिस्टिन देणं बंद झालं.

रामबाग_सुनीता: दूध तीनदा उकळा. जंतूही जातात, इंजेक्शनचं औषधही.

गुरांचा_डॉक्टर: जंतू मरतात. औषधाचा अंश उकळून जाईल या भरवशावर राहू नका. औषध दिल्यावर दूध किती दिवस वापरायचं नाही, ते लेबलवर असतं; ते दिवस पाळा, लिहिले नसतील तर दुधाला किमान ७.

सांवेररोड_मंजू: धार बाबाच काढतात. कच्चं कुणी पीत नाही. एकीला थनैला (कासेचा दाह) झाला तेव्हा सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक दिलं, ते दूध विकलं नाही, वासरांना पाजलं. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पण मी गायींचं विचारलंय!

गुरांचा_डॉक्टर: ऑपरेशन आधी सांगायचं ना! जंतू दवाखान्यातूनही येऊ शकतात, बाबांकडून गोठ्यातही जाऊ शकतात. शेणात निघाले तरी बाबांना ते गायींकडूनच आले असं ठरत नाही. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, पण बाबांचं औषध त्यांच्याच रिपोर्टवरून ठरेल. गायी विकू नका, जंतू दुसऱ्याच्या गोठ्यात जातील. निरोगी गायींना ‘सफाई’ म्हणून अँटिबायोटिक तर मुळीच नको. आणि औषधाचं दूध वासरांना पाजणं बंद करा, त्यांच्या आतड्यात नेमके हेच जंतू वाढतात. धारेनंतर, शेण काढल्यावर साबणाने हात धुवा.

पागनीसपागा_काका: मग दूध ओतून द्यायचं? लक्ष्मी आहे ती!

गुरांचा_डॉक्टर: ओतताना माझाही जीव तुटतो, काका. पण वासराला निरोगी गायीचं दूध द्या.

देवास_नाका: गीर गाय कुठे मिळेल? भाव काय?

सांवेररोड_मंजू: आईला वाचून दाखवलं, विकणं तूर्त थांबलंय. थनैला झालेली गाय आता आटवायची (दूध बंद करायची) आहे. कासेत अँटिबायोटिकची ट्यूब भरू का?

गुरांचा_डॉक्टर: आधी चारी सडांच्या दुधाचं कल्चर करा. कोणती ट्यूब, आणि लागते का, ते त्यावरून सांगतो.